थ्रॉटल पोझिशन सेन्सर: बदलण्यापूर्वीची तपासणी आणि बदलण्याची रीत

पेट्रोल इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर थ्रॉटल बॉडी नावाचा ॲल्युमिनियमचा भाग असतो आणि त्याच्या पोकळीत एका आडव्या दांड्यावर गोल चकतीसारखी झडप बसवलेली असते. ॲक्सिलरेटरचे पेडल दाबले की ही झडप उघडते आणि सोडले की स्प्रिंगच्या जोराने मिटते. पेडल दाबून आपण इंजिनाला पेट्रोल देतो असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात आपण केवळ हवेची वाट मोकळी करत असतो, आणि त्या हवेच्या मानाने पेट्रोल किती सोडायचे व ठिणगी केव्हा पाडायची हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. त्यासाठी झडप या क्षणी किती उघडी आहे आणि ती किती वेगाने हलते आहे, हे त्याला कळावे लागते. झडपेच्या दांड्याच्या टोकाशी दोन स्क्रूंनी बसवलेला थ्रॉटल पोझिशन सेन्सर ही माहिती त्याला अखंड पुरवत असतो.

जुन्या पद्धतीच्या, केबलने चालणाऱ्या थ्रॉटलवर हा सेन्सर बदलणे हे निव्वळ हातकाम म्हणून पाहिले तर फारसे अवघड नाही. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो. आधी, दोष खरोखर सेन्सरचाच आहे याची खात्री करावी लागते. नंतर, झडप पूर्ण मिटल्यावर सेन्सर जो आकडा देतो तो योग्य आहे आणि ईसीयूने तो स्वीकारला आहे, हे पाहावे लागते. नवा सेन्सर बसवूनही गाडीचे झटके थांबत नाहीत तेव्हा या दोनांपैकी एक काम बहुधा राहून गेलेले असते.

ईसीयू या माहितीचे काय करतो

हवा मोजण्यासाठी बहुतेक इंजिनांवर वेगळा सेन्सर असतोच. काही गाड्यांत तो आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजतो, तर काहींत इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब. मग झडपेची स्थिती वेगळी कळवण्याची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उशिरात दडलेले आहे. पेडल एकदम दाबले की हवा लोंढ्याने आत येते, पण तिची मोजदाद होऊन पेट्रोल वाढेपर्यंत क्षणभर जातो. शिवाय पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये असतील तर फवारलेल्या पेट्रोलाचा काही अंश भिंतीलाच चिकटून राहतो. तेवढ्या अवधीत मिश्रण विरळ होऊन इंजिन अडखळू नये, म्हणून झडप वेगाने उघडताना दिसताच ईसीयू पेट्रोलचा जादा फवारा देऊन टाकतो. याउलट उतारावर पेडल पूर्ण सोडले, की झडप मिटल्याचे पाहून तो पेट्रोल तात्पुरते बंद करतो. झडप मिटलेली आणि गाडी उभी असेल, तर आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन संथ चालू ठेवणे, सांभाळायचे काम आता आपले आहे हे त्याला समजते. झडप पूर्ण उघडली तर तो पेट्रोलचे प्रमाण वाढवतो आणि बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडवून ती शक्ती चाकांकडे वळवतो. ऑटोमॅटिक गिअर असलेल्या गाडीत गिअर केव्हा बदलायचा याचा निर्णयही बराचसा याच आकड्यावर अवलंबून असतो.

एक उपयोग कमी लोकांना ठाऊक असतो. सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाऊन इंजिन सुरू होत नसेल, तर पेडल तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवल्यास बऱ्याच गाड्यांचा ईसीयू पेट्रोल बंद ठेवून केवळ हवा खेळवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. आता सेन्सर बिघडून, झडप मिटलेली असतानाही ती पूर्ण उघडी असल्याचे सांगू लागला, तर हीच सोय अंगावर उलटते: स्टार्टर जोमाने फिरतो, ठिणगी पडते, पंपही चालू असतो आणि तरीही गाडी सुरू होत नाही.

आत काय असते आणि ते का झिजते

या सेन्सरचा सर्वात प्रचलित प्रकार म्हणजे साधा पोटेन्शिओमीटर. त्यात कार्बनयुक्त लेपाचा एक अर्धगोलाकार पट्टा असतो आणि झडपेच्या दांड्याबरोबर फिरणारा धातूचा बारीक संपर्क त्या पट्ट्यावरून सरकत राहतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हीच रचना असे, आणि वर्षानुवर्षे एकाच टप्प्यात फिरवलेले बटण तेवढ्या जागी खरखरू लागे तसेच इथेही होते. सेन्सरला तीन वायरी जोडलेल्या असतात. एकीतून ईसीयू ५ व्होल्टचा स्थिर विद्युतदाब देतो, दुसरी अर्थ (अर्थिंगची वायर) असते आणि तिसरीतून झडपेच्या स्थितीनुसार बदलणारा दाब सिग्नल म्हणून परत जातो. झडप मिटलेली असताना हा सिग्नल साधारण ०.५ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण उघडल्यावर ४.५ व्होल्टच्या आसपास असतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, म्हणून त्या मॉडेलच्या दुरुस्तीपुस्तिकेतला आकडा हाच अंतिम मानावा.

मोजपट्टीची दोन्ही टोके मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. सिग्नल कधीच ० किंवा ५ व्होल्टवर जाऊ नये अशी योजना असल्यामुळे, तसा आकडा दिसला की वायर तुटली आहे किंवा कुठेतरी शॉर्ट झाली आहे, हे ईसीयूला लगेच ओळखता येते.

पट्टा सगळीकडे सारखा झिजत नाही. गाडी बहुतेक वेळ आयडलिंगवर किंवा एका संथ वेगाने चालते, म्हणजे झडप बहुतेक वेळ थोडीशीच उघडी असते आणि इंजिनाच्या कंपनांमुळे संपर्क पट्ट्याच्या त्या चिमूटभर भागावर सतत घासत राहतो. लेप तिथेच उडतो. त्यामुळे दोष बहुधा नेमक्या त्याच टप्प्यात प्रकट होतो: पेडल नुकतेच दाबताना गाडी क्षणभर दबते आणि मग झटका देऊन उसळते, एका ठरावीक वेगाला ती हलके हिसके देत राहते, चौकातल्या सिग्नलवर थांबले की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर-खाली होतो किंवा इंजिन बंदच पडते. पेडल जोरात दाबले की मात्र सगळे सुरळीत वाटते, कारण संपर्क पट्ट्याच्या न झिजलेल्या भागावर पोचलेला असतो. हे लक्षण माझ्या मते सर्वात बोलके आहे. मायलेज कमी होणे, ऑटोमॅटिक गिअर अवेळी पडणे किंवा ‘चेक इंजिन’चा दिवा लागणे ही लक्षणेही याच दोषात दिसतात, पण ती इतर डझनभर कारणांनीही दिसू शकतात. काही उत्पादक पट्ट्याऐवजी चुंबक आणि हॉल परिणामावर (चुंबकाची स्थिती विद्युतदाबातून ओळखण्याच्या तत्त्वावर) चालणारा, न घासणारा सेन्सर वापरतात. त्यात ही झीज होत नाही, पण कनेक्टर आणि वायरिंगचे दोष त्यालाही चुकत नाहीत.

केबल नसलेल्या थ्रॉटलची गोष्ट वेगळी

पुढे जाण्यापूर्वी आपल्या गाडीचे थ्रॉटल कोणत्या प्रकारचे आहे हे पाहून घ्यावे. पेडलपासून आलेली पोलादी केबल थ्रॉटल बॉडीवरच्या चाकाला जोडलेली दिसत असेल, तर सेन्सर बहुधा वेगळा सुटा मिळतो आणि या लेखातली पुढची रीत त्याला लागू पडते. अलीकडच्या गाड्यांत केबल नसते. पेडलवर स्वतंत्र सेन्सर असतो आणि झडप एक विजेची मोटर उघडते. अशा थ्रॉटलमध्ये झडपेच्या स्थितीसाठी दोन सेन्सर एकाच झाकणाखाली असतात. पुष्कळ रचनांमध्ये एकाचा दाब वाढतो तेव्हा दुसऱ्याचा तेवढाच घटतो, आणि दोघांचा मेळ बसत नाही असे दिसताच ईसीयू मोटरचा पुरवठा तोडतो. झडप मग किंचित उघड्या अवस्थेत थांबते आणि गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला किंवा गॅरेजपर्यंत नेता येईल एवढीच शक्ती उरते. हे सेन्सर बहुधा सुटे बदलण्याजोगे नसतात. संपूर्ण थ्रॉटल बॉडी नव्या गॅस्केटसह बदलून स्कॅनरने, म्हणजे ईसीयूला जोडून त्यातली माहिती वाचणाऱ्या उपकरणाने, तिची ओळख ईसीयूला करून द्यावी लागते. चावी ‘ऑन’ असताना अशा झडपेत बोट घालू नये, कारण मोटर ती अचानक आणि जोरात मिटवू शकते. चावी बंद असतानाही ती बोटाने ढकलल्यास आतली प्लास्टिकची दंतचक्रे दुखावण्याचा धोका असतो.

दोष सेन्सरचाच आहे का

स्कॅनर लावला की दोषाचा एखादा कोड मिळतो आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात. पण कोड सर्किटचे नाव सांगतो, सुट्या भागाचे नाही. पी ०१२२ म्हणजे सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी आहे आणि पी ०१२३ म्हणजे तो अपेक्षेपेक्षा जास्त आहे. पी ०१२४ अधूनमधून तुटणाऱ्या सिग्नलसाठी असतो, तर पी ०१२१ याचा अर्थ असा की आकडा मर्यादेत असला तरी इंजिनाचा वेग आणि हवेचे मोजमाप यांच्याशी तो जुळत नाही. यातला शेवटचा कोड फसवा आहे, कारण झडपेच्या मागे हवा गळत असेल किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी साचून झडप पूर्ण मिटतच नसेल, तरीही तोच कोड येऊ शकतो. म्हणून झडप आणि तिची पोकळी आधी थ्रॉटल क्लीनरने पुसून घ्यावी. फवारा कापडावर मारून मग पुसावे, म्हणजे तो सेन्सरच्या बाजूला झिरपत नाही.

त्यानंतर कनेक्टर. तो काढून पिना हिरवट झाल्या आहेत का, वाकल्या आहेत का, आत तेल किंवा पाणी शिरले आहे का, हे उजेडात पाहावे. वायरी कनेक्टरपासून निघून जिथे पहिल्यांदा वळतात तिथे त्या आवरणाच्या आत तुटलेल्या असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही, हलवल्यावर मात्र सिग्नल येतो-जातो.

आता मल्टिमीटर. कनेक्टर परत लावून, चावी ‘ऑन’ करून पण इंजिन सुरू न करता, वायर कनेक्टरमध्ये जिथून शिरते तिथून बारीक टाचणी आत सरकवावी. वायरीच्या आवरणाला टाचणीने भोक पाडू नये. त्या भोकातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी नवा दोष तयार होतो. पहिल्यांदा ५ व्होल्टचा पुरवठा येतो आहे का ते पाहावे. तो ५ व्होल्टच्या जवळपास नसेल तर सेन्सर बदलून काहीच साधणार नाही. हा पुरवठा बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरांशी सामाईक असतो, आणि त्यातला एखादा शॉर्ट झाला तर सगळ्यांचाच दाब खाली बसतो. अशा वेळी एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जावे आणि कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते पाहावे. अर्थची वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमधला फरक ०.१ व्होल्टच्या आत असावा.

मग सिग्नल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावून थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडत न्यावे. चांगल्या सेन्सरचा आकडा ०.५२, ०.६०, ०.७१, ०.८४ असा न चुकता चढत जातो. झिजलेल्या सेन्सरचा आकडा ०.७१ वरून एकाएकी ०.३० वर कोसळतो आणि झडप आणखी थोडी सरकताच ०.८६ वर उसळतो. तेवढ्या एका क्षणापुरते ईसीयूला वाटते की चालकाने पाय उचलला आणि लगेच पुन्हा दाबला, आणि गाडी त्याप्रमाणे हिसका देते. डिजिटल मीटर सेकंदाला थोड्याच वेळा आकडा ताजा करत असल्यामुळे ही पडझड त्याच्या नजरेतून सुटू शकते, म्हणून झडप खरोखर कासवगतीने उघडावी, किंवा मीटरवर किमान आणि कमाल नोंद ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी. काट्याचा जुना मीटर हाताशी असेल तर या एका कामात तो अधिक उपयोगी पडतो, कारण काटा थरथरलेला लगेच दिसतो. हे करताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलके टकटक केले तर इंजिनाच्या कंपनांसारखी स्थिती निर्माण होते आणि लपलेला दोष बऱ्याचदा उघडा पडतो.

सिग्नल अजिबात येत नसेल तर आणखी एक पडताळणी करता येते. सेन्सरचा कनेक्टर काढून, वायरिंगच्या बाजूच्या ५ व्होल्टच्या आणि सिग्नलच्या पिना छोट्या वायरीने एकमेकींना जोडल्या, तर स्कॅनरवर सिग्नलचा आकडा ५ व्होल्टच्या जवळ गेला पाहिजे. गेला तर वायरी आणि ईसीयू शाबूत आहेत आणि दोष सेन्सरमध्ये आहे. नाही गेला तर शोध वायरींमध्ये घ्यावा. कोणती पिन कशाची हे वायरिंगच्या आकृतीवरून निश्चित झाल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

काढणे आणि बसवणे

चावी बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. जागा अडत असेल तर हवेची नळी काढून ठेवावी, मात्र थ्रॉटलच्या उघड्या तोंडावर स्वच्छ कापड टाकावे; तिथून पडलेला स्क्रू थेट इंजिनात जाऊ शकतो. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सरळ ओढावा, वायरीला धरून ओढू नये. उष्णतेने ही खिट्टी ठिसूळ झालेली असते आणि घाई केली की तुटते.

जुना सेन्सर सैल करण्यापूर्वी त्याची कड आणि थ्रॉटल बॉडी यांच्यावरून एक बारीक रेघ मारून ठेवावी. सेन्सर धरणारे स्क्रू लहान असतात आणि पुष्कळदा ते सुटू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या आट्यांवर चिकट द्रव्य लावलेले असते. अगदी मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून, तो पूर्ण दाबून धरत फिरवावा. डोके एकदा गुळगुळीत झाले की हे साधे काम कंटाळवाणे होऊन बसते. सेन्सर निघाल्यावर मागची रबरी रिंग तिथेच चिकटून राहिलेली नाही ना हे पाहावे आणि बैठक कोरड्या कापडाने पुसून घ्यावी.

बसवताना चूक होण्याची खरी जागा पुढे आहे. दांड्याचे टोक बहुतेक वेळा एका बाजूने सपाट केलेले असते किंवा त्याला चपटी जीभ असते, आणि सेन्सरच्या आत तशाच आकाराची खाच स्प्रिंगवर बसलेली असते. नवा सेन्सर सरळ, स्क्रूची भोके जुळवून ठेवला तर बऱ्याच रचनांमध्ये जीभ खाचेच्या चुकीच्या बाजूला जाते. म्हणून झडप मिटलेली ठेवून, सेन्सर थोडा तिरपा धरून दांड्यावर बसवावा, म्हणजे भोके पुढे-मागे दिसतील. मग स्प्रिंगचा विरोध हाताला जाणवत असतानाच तो फिरवून भोकांपर्यंत आणावा. विरोध जाणवला नाही तर सेन्सर नीट गुंतलेला नाही असे समजून काढावा आणि पुन्हा बसवावा. दोन्ही स्क्रू बोटांनी लावून झाल्यावर, घट्ट करण्यापूर्वी, थ्रॉटल पूर्ण उघडून सोडावे. झडप खटकन मिटली पाहिजे. ती अडखळत असेल किंवा अर्धवट थांबत असेल तर गाडी सुरू करू नये, कारण उघडे अडकलेले थ्रॉटल म्हणजे सरळसरळ अपघाताला आमंत्रण आहे. स्क्रू मऊ ॲल्युमिनियममध्ये बसत असल्याने मनगटाच्या नव्हे, बोटांच्या जोराने घट्ट करणे पुरेसे असते.

मिटलेल्या झडपेचा आकडा

नव्या सेन्सरची भोके गोल असतील तर जुळवणीला वाव नसतो. ती लांबट असतील तर सेन्सर काही अंश फिरवता येतो आणि तो नेमका कुठे थांबवायचा हे मीटर पाहून ठरवावे लागते; मारून ठेवलेली रेघ केवळ सुरुवातीचा अंदाज देते. झडप मिटल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत साधारण ८० अंश फिरते आणि तेवढ्यात सिग्नल सुमारे ४ व्होल्ट चढतो, म्हणजे एका अंशाला सुमारे ०.०५ व्होल्ट. सेन्सर दोन अंश चुकला तर आकडा ०.१ व्होल्टने चुकतो, आणि जुन्या ईसीयूंना झडप मिटलेली नाही असे वाटायला एवढेही पुरते. मग आयडलिंग चढे राहते आणि पेडल सोडल्यावर पेट्रोल बंद होत नाही.

बॅटरी जोडून, चावी ‘ऑन’ करून, मीटर सिग्नलवर ठेवावा आणि पुस्तिकेतला आकडा येईपर्यंत सेन्सर हळूहळू फिरवावा. स्क्रू आवळताना आकडा सरकतो, म्हणून दोन्ही आळीपाळीने थोडेथोडे आवळत नजर मीटरवरच ठेवावी, आणि शेवटी थ्रॉटल दोन-तीनदा उघडून सोडल्यावर तोच आकडा परत येतो का ते पाहावे. काही जुन्या सेन्सरांत आयडलिंगसाठी वेगळा स्विच असतो. तिथे थ्रॉटलची हलणारी भुजा आणि झडप मिटल्यावर ती जिथे टेकते तो अडथळा यांच्यामध्ये ठरावीक जाडीची फीलर पट्टी घालून स्विच केव्हा जुळतो आणि केव्हा सुटतो हे पाहत जुळवणी करतात.

आकडा बसत नसला की थ्रॉटलच्या अडथळ्याचा स्क्रू फिरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. झडप पोकळीच्या भिंतीत रुतू नये म्हणून तो स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, आयडलिंग वाढवण्या-घटवण्यासाठी नाही; तो एकदा हलला की मूळ जागा शोधणे जवळजवळ अशक्य होते.

पुष्कळ नव्या ईसीयूंना हा आकडा हाताने जुळवून द्यावा लागत नाही. मिटलेल्या झडपेचा आकडा ते स्वतः शिकतात. त्याची रीत उत्पादकागणिक वेगळी असते. कुठे चावी ठरावीक वेळ ‘ऑन’ ठेवून बंद करायची असते, कुठे इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत एसी आणि दिवे बंद ठेवून आयडलिंगवर चालू द्यायचे असते, कुठे स्कॅनरमधून आज्ञा द्यावी लागते. हे झाल्यावर जुने कोड पुसून गाडी चालवून पाहावी, आणि ती मुद्दाम त्याच वेगाला व त्याच हलक्या पेडलवर न्यावी जिथे ती आधी हिसके देत होती. तोच कोड परत आला तर दुसरा नवा सेन्सर आणण्याआधी कनेक्टर लावलेला ठेवून वायरिंग वळणापाशी हलवावे आणि स्कॅनरवरचा थ्रॉटलचा आकडा पाहत राहावे. तो हललाच, तर दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरीत आहे.